बाविसावी शांतता

ती. आक्का,

तुझ्या दोन्ही पायांना इथूनच हात लावते. त्यातल्या डाव्या गुडघ्याशी जरा जास्त वेळ थांबते, कारण तो जिना चढताना कुरकुरतो असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस (म्हणजे तुझ्या मागच्या पत्रात, त्याला आता चार महिने झाले, तेवढ्यात एखादा गुडघा बरा होऊन दुसरा दुखायला लागला असेल तर हात तिकडे लावलाय असं समज). इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. ह्यांचा खोकला आहे तसाच आहे, वाढत नाही आणि जातही नाही, आता तो घरातलाच एक माणूस झालाय. चिरंजीव कामावर जातात, येतात, जेवतात आणि पेपर तोंडावर घेऊन झोपतात. माझा सकाळचा जप चालू आहे, वही रोजच्या रोज लिहून होते, दात तेवढा एक हलतोय, पण तो अजून चावायच्या कामाचा आहे म्हणून काढलेला नाही.

चार महिन्यांत मी तुला तीन पत्रं घातली. एकाचंही उत्तर नाही. मी रागावलेले नाही (रागावले होते, पण ते मागच्या महिन्यात). पहिल्या पत्रात मी तुला एकच सरळ गोष्ट विचारली होती, की दाजींना जाऊन दोन वर्षं होत आली, त्या तीन खोल्यांत तू एकटी किती दिवस काढणार, आमच्याकडे कायमची राहायला कधी येतेस? दुसऱ्या पत्रात तेच विचारलं. तिसऱ्यातही तेच, पण खाली रेघ मारून. या पत्रात ते विचारणार नाही. का विचारणार नाही हे कळायला तुला पत्र शेवटपर्यंत वाचावं लागेल, म्हणून मध्येच दूध तापत ठेवून बसू नकोस, उतू जाईल.

तर सूनबाई. ती विद्यापीठात शिकते हे तुला माहीत आहे, पण काय शिकते हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. विलायतेत एक नाटककार होऊन गेले, फार जुने नव्हेत, आपल्या काळातलेच. त्यांच्या नाटकांचा ती अभ्यास करते. त्यांचं नाव मला लिहिता येतं पण म्हणता येत नाही, आणि मी म्हटलं की ह्यांना खोकल्याची उबळ येते, म्हणून घरात आम्ही त्यांना नुसतं 'साहेब' म्हणतो. म्हणजे सूनबाई कुठे आहे असं कोणी विचारलं तर साहेबांकडे बसलीये असं सांगायचं. (समोरच्या शिंपीणबाईंनी याचा भलताच अर्थ घेतला होता. तो निस्तरायला मला दोन ब्लाउज गरज नसताना शिवून घ्यावे लागले.) साहेबांच्या एका नाटकाचं मराठी भाषांतर करायचं, त्यावर प्रबंध लिहायचा आणि ते नाटक विभागाच्या सभागृहात बाहेरच्या परीक्षकांपुढे करून दाखवायचं, मग पदवी. पदवी मिळाली की तिथल्याच कॉलेजात शिकवायची एक जागा तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवलेली. पदवी हुकली की जागा दुसऱ्याची. तीन वर्षं ती पोर सकाळी माझ्याबरोबर उठून, घरचं उरकून, बस पकडून जातेय. तेव्हा काय पणाला लागलं होतं हे तुझ्या ध्यानात आलं असेलच.

आता नाटक. आक्का, मी साधी मॅट्रिक झालेली बाई, नाटकातलं मला काय कळणार, पण नाटक म्हटलं की काहीतरी व्हावं एवढी माझी अपेक्षा असते. साहेबांच्या नाटकात काही होतच नाही. एक स्वयंपाकघर. त्यात दोन म्हाताऱ्या बहिणी. घर धाकटीचं. थोरली बाहेरून आलेली आहे आणि तिने अंगातला कोट काढलेला नाही. ती खुर्चीवर बसते तीही कोट घालून, चहा पिते तोही कोट घालून. धाकटी किटलीविषयी बोलते, पडदे नवे आहेत म्हणून सांगते, मध्येच तू राहणार आहेस का म्हणून विचारते, मग परत किटली. एक शेजारी शिडी परत करायला येतो, बसतो, आणि जाताना शिडी घेऊनच जातो. झालं. पन्नास मिनिटं. मी सूनबाईला म्हटलं, अगं, मग ती राहते की जाते? ती म्हणाली, "आई, ते साहेबांनी सांगितलेलं नाही." मी म्हटलं, मग पन्नास मिनिटं काय सांगितलंय?

सूनबाईने भाषांतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पेन्सिलीने केलं. तिचं अक्षर तुला माहीत आहे, लग्नानंतर तिने तुला लिहिलेलं आभाराचं पत्र तू मला वाचून दाखव म्हणून परत पाठवलं होतंस. झेरॉक्सवाल्याने वही उलटीपालटी करून बघितली आणि हे मशीनला दिसणार नाही म्हणाला. तीन मुलं काम करणार होती, दोन मुली बहिणींच्या कामाला आणि एक मुलगा शिडीवाला, तर तिघांना तीन प्रती हव्यात. सूनबाईला आठ दिवस दुसऱ्या गावच्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन बसायचं होतं. ती काळजीत पडली. मी म्हटलं, माझं अक्षर शाळेत भिंतीवर लावलं जायचं (हे खरं आहे, तू साक्षीला आहेस), तिन्ही प्रती मीच उतरवून देते, झेरॉक्सचे पैसेही वाचतील. तिने माझ्या गळ्यात हात टाकले. बॅग भरता भरता म्हणाली, "आई, जसंच्या तसं हं." मी म्हटलं, म्हणजे काय, अगदी कान्यामात्रेसकट.

आणि आक्का, शब्द मी जसेच्या तसे उतरवले, एक काना इकडचा तिकडे नाही. पण त्या वहीत दर तीन-चार ओळींनंतर एक ओळ कोरी, मग कंसात 'थांबते', मग परत एक ओळ कोरी. कुठे कंसात 'थांबते'च्या जागी 'शांतता', आणि त्याच्या खालीवर दोन दोन ओळी कोऱ्या. पहिल्या पानावर मी ते इमानाने उतरवलं. दुसऱ्या पानावर माझा हात अडखळला. कागद चांगला, जाड, नवा आणलेला, आणि त्याचा अर्धा भाग, जिथे कोणी काही बोलतच नाही, अशा जागी घालवायचा? मला वाटलं, पोरीने भाषांतर करताना स्वतःसाठी खूण करून ठेवली असेल, की इथे मी थांबले होते, इथे चहाला उठले होते. आणि समजा मुलांसाठी असेल, तरी माणूस बोलताना श्वास घ्यायला थांबतोच, ते त्याला लिहून कशाला द्यायला हवं? मी ते सगळं गाळलं. तीस कागदांची प्रत चौदा कागदांत बसली. तीनही प्रती सुईदोऱ्याने शिवून टेबलावर ठेवल्या आणि ह्यांना दाखवल्या. हे म्हणाले, "हं." (हे ह्यांचं कौतुकच असतं. मी तेहेतीस वर्षं तसं धरून चालले आहे.)

मुलांनी त्या प्रतींवर पाच दिवस आपापली तालीम केली. सूनबाई आली ती प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी, आणि शेवटची तालीम व्हायची तर सभागृहात दुसऱ्याच विभागाचा कसला तरी निरोपसमारंभ चालला होता. म्हणजे तिने ते नाटक पहिल्यांदा पाहिलं ते सगळ्यांबरोबर, तिसऱ्या रांगेत बसून, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे. पुढे मधोमध बाहेरचे परीक्षक, टक्कल पडलेले, गंभीर, हातात चहाचा कप. त्यांच्या शेजारी सूनबाईच्या मार्गदर्शक बाई. पडदा सरला. आक्का, काय सांगू तुला! धाकटी म्हणाली तू राहणार आहेस का, थोरली म्हणाली किटली उकळली, धाकटी म्हणाली पडदे नवे आहेत, थोरली म्हणाली हो का, धाकटी म्हणाली तू राहणार आहेस का, थोरली म्हणाली साखर नको, असं एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरीचं सुरू. नळावर दोन बायका भांडताहेत आणि दोघींनाही घरी जायची घाई आहे, तसं. शिडीवाला आला, बसला, गेला, दरवाजा लागायच्या आत शिडी दिसेनाशी झाली. लोक हसायला लागले. आधी मागचे, मग सगळे. मीसुद्धा हसले, मला वाटलं साहेब विनोदी आहेत हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी थोरली कोटाचं वरचं बटण काढते, ते तिने इतक्या चटकन काढलं की बटण तुटून खालच्या रांगेत गेलं. टाळ्या पडल्या. परीक्षकांचा चहा अजून पिण्याजोगा गरम होता. अठरा मिनिटं.

मग मी सूनबाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिची मान अशी ताठ, जशी दाढ काढायला बसलेल्या माणसाची असते.

तिच्या प्रबंधाचा विषय काय होता हे मला त्या दिवशी कळलं. 'साहेबांच्या नाटकांतील मौन.' तीन वर्षं ती पोर त्या थांबण्यांचाच अभ्यास करत होती. साहेबांचं जगभर नाव आहे ते त्यांच्या माणसांच्या बोलण्यापेक्षा न बोलण्यावरून. बाकी सगळं त्या न बोलण्याची मांडामांड. मी मांडामांड ठेवली आणि देव उचलून बाहेर ठेवला.

बसमध्ये तिकिटं तिनेच काढली. घरी आल्यावर एक प्रत उचलली, चौदा पानं उलटली, परत उलटली, आणि मला विचारलं, "आई, शांतता कुठे गेल्या?"

मी म्हटलं, "कुठल्या गं?"

"मी लिहिलेल्या."

"त्या होय? त्या मी गाळल्या. तिथे कोणी काही बोलतच नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. हे दारात उभे होते, त्यांना खोकलासुद्धा आला नाही. मग ती रडली, मग हसली, मग परत जे काही केलं ते रडणं होतं की हसणं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिने मलाच धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. एक शब्द वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मी देवापाशी बसले पण तोंड वर करून बघवेना. त्याच्यापुढे उभं राहून काय सांगणार, की सुनेची तीन वर्षं मी कागद वाचवण्यात घालवली?

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक बाई परीक्षकांना भेटल्या. नियमात पंधरा दिवसांच्या आत एकदा दुसरा प्रयोग करून दाखवायची सोय होती, कोणाच्या आजारपणासाठी ठेवलेली. आजार काय लिहायचा यावर बराच खल झाला. शेवटी बाईंनी 'प्रतीत त्रुटी' असं लिहिलं. ती त्रुटी म्हणजे मी. पण दिवस मिळाले, आणि मी सूनबाईला म्हटलं, ज्या हाताने गाळल्या त्याच हाताने भरते. यावेळी मोजून.

मला तर तुला माहीतच आहे, रेघा मारल्याशिवाय काही कळत नाही. मी एक जुनी हिशेबाची वही घेतली, निम्मी कोरी होती, आणि रकाने पाडले. पान. कोण गप्प झालं. कशानंतर. नुसतं थांबणं की शांतता. दोन दिवस स्वयंपाक ह्यांनी केला (उकडलेले बटाटे, सकाळ-संध्याकाळ, तक्रार नाही). थांबणी भरली त्रेसष्ट. शांतता एकवीस. सूनबाईच्या प्रबंधात बावीस लिहिल्या होत्या. ताळा जमेना. माझ्या आयुष्यात ताळा न जमता वही मिटली गेलेली नाही. मी पहिल्यापासून परत सुरुवात केली, परत एकवीस. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडली. सर्वांत शेवटची होती, बटण काढण्याच्या आधीची. ती माझ्या नजरेतून सुटायचं कारण सांगते. बाकीच्या प्रत्येक शांततेच्या आधी कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं, ते मी 'कशानंतर' या रकान्यात लिहीत होते. हिच्या आधी कोणी काही बोललेलंच नाही. धाकटी नुसती पुढ्यात येऊन बसते. त्या रकान्यात लिहायला काही नव्हतं, म्हणून मी पुढे गेले.

मग मी तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, आणि आक्का, मी पेन खाली ठेवलं. जिथे जिथे शांतता, तिथे तिथे आधी एक सरळ प्रश्न. एकवीसपैकी एकोणीस. किटलीबद्दल विचारा, पडद्याबद्दल विचारा, शिडीबद्दल विचारा, थोरली फटकन उत्तर देते. 'तू राहणार आहेस का' म्हटलं की शांतता. आणि थोरली गप्प झाली की धाकटी घाबरते आणि परत तेच विचारते, आधीपेक्षा मोठ्याने. (खाली रेघ मारून, असं म्हण.) बिचारीला वाटतं थोरलीला ऐकू आलं नाही. तिला ऐकू आलेलं असतं. मला इतका राग आला त्या धाकटीचा! मी मोठ्याने म्हटलं, अगं बाई, जरा गप्प बस ना. हे बटाटे सोलत होते, ते म्हणाले, "मी काही बोललो का?"

सूनबाई संध्याकाळी आली तर मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने उभ्या उभ्या बघायला घेतली, मग बसली, मग दिवा लावला. रकान्यावरून बोट फिरवत गेली आणि म्हणाली, "आई, हे मी तीन वर्षांत असं मांडलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी ती वही विद्यापीठात घेऊन गेली. मार्गदर्शक बाईंनी ती प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडायला सांगितली. मागच्या पानांवर दूधवाल्याची आणि धोब्याची टिपणं आहेत, ती फाडू का म्हटलं तर बाई म्हणाल्या राहू द्या.

आता प्रश्न आला, थांबायचं म्हणजे किती? मुलं तालमीला आमच्याच घरी यायला लागली, आणि त्यावरून रोज भांडणं. शिडीवाला म्हणे दोन सेकंद, थोरलीचं काम करणारी उंच मुलगी म्हणे मनाला वाटेल तेवढं, धाकटीचं काम करणारी म्हणे माझ्या मनाला काही वाटतच नाही, मला आकडा द्या. घड्याळाकडे बघून गप्प बसलं की माणूस बसची वाट पाहतोय असं दिसतं. माझ्या हातात जपमाळ होती. मी म्हटलं, थांबायचं असेल तिथे तीन मणी, शांतता असेल तिथे अकरा, माझ्या हाताकडे बघा. बसलं की गं बरोबर! मी कोपऱ्यात बसून माळ ओढते, मुलं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझं बोट बघतात, अकरावा मणी सरला की बोलतात. परदेशी नाटकाला देवाचं नाव लावून मोजणं हे पाप की पुण्य ते मला ठरवता आलं नाही. नाव तर मनापासूनच घेतलं. तरी पण ते रोजच्या जपात धरलं नाही, वेगळं ठेवलंय. त्याचं तो बघेल.

तर असं आहे. दुसरा प्रयोग येत्या मंगळवारी. सूनबाईची झोप उडाली आहे, हे आतापासूनच नवा शर्ट इस्त्री करून बसले आहेत. तू तिथूनच दोन हात जोड. गुडघ्याला शेक देत जा, जिन्याला कठडा धरत जा.

तुझी
धाकटी

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. थोरलीचं काम करणारी ती उंच मुलगी तापाने पडली आहे. मार्गदर्शक बाई म्हणतात, आता कोणी वयाचं खरंखुरं माणूस मिळालं तरच निभेल. मी तुझं नाव सुचवलं. सोळाच वाक्यं आहेत, त्यांतली पाच नुसती 'हो का' अशी, बाकी सगळं गप्प बसणं, आणि चार महिने तू ते किती सुरेख करतेस हे मी अनुभवते आहे. सूनबाईच्या पदवीचा प्रश्न आहे. रविवारपर्यंत पोच.

ता. क. दुसरं – हे पत्र मी त्या बिनशांततेच्या प्रतीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं आहे. (नाटकाची प्रत एकाच बाजूला लिहायची पद्धत म्हणून मागची बाजू कोरी सोडावी लागली होती, ते मनाला लागलंच होतं, आता कागद कारणी लागले.) उलटून वाचलंस तर थोडं नाटकही वाचून होईल. फक्त दर वाक्यानंतर जरा थांब.

ता. क. तिसरं – पाकीट चिकटवून देवापाशी ठेवलं होतं. सकाळी जपाला बसले आणि तिसऱ्या मण्यावर अडले. खोटं घातलेलं पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवून पुढचा मणी सरेना. म्हणून वाफेवर धरून पाकीट उघडलंय आणि खरं लिहिते. उंच मुलगी ठणठणीत आहे. 'येता' मंगळवार नव्हे, मंगळवार होऊन गेला. प्रयोग झाला. नाटक पन्नास मिनिटांच्या जागी बावन्न मिनिटं चाललं. कोणी हसलं नाही, म्हणजे दोनदा हसले, पण सूनबाई म्हणाली तिथे हसायचंच होतं. वरची दोन मिनिटं माझी. झालं असं की मी पडद्याआड स्टुलावर माळ घेऊन बसले होते. बाविसावी शांतता आली. उंच मुलगी कोट घालून बसलेली, अर्धी पाठ माझ्याकडे, आणि खांदे जरा पुढे आलेले, तू दाजींच्या खुर्चीत बसतेस तसे. माझं बोट सातव्या मण्यावर थांबलं. पुढे सरकलंच नाही. मुली बिचाऱ्या माझ्या हाताकडे बघत थांबल्या. सगळं सभागृह थांबलं. ह्यांचा खोकलासुद्धा. किती वेळ ते मला माहीत नाही, मी कधी नव्हे ते मोजलं नाही. मग मी डोळे पुसायला हात उचलला, तिला वाटलं झाले अकरा, आणि तिने वरचं बटण काढलं. हळूच. बाहेरचे परीक्षक नंतर आत आले आणि शेवटची शांतता कोणी बसवली म्हणून विचारलं. सूनबाईने माझ्याकडे बोट केलं. त्यांनी मला नमस्कार केला आणि किती मोजता म्हणून विचारलं. मी म्हटलं, ती मोजायची राहिली. त्यांनी ते लिहून घेतलं. सूनबाईला पदवी मिळाली, पहिल्या वर्गात, आणि जागाही.

ता. क. शेवटचं – तेव्हा आता तुझी कोणालाच गरज नाही, हे स्पष्ट लिहिते. सोबत रविवारचं तिकीट आहे. ते परत करता येत नाही, आणि वाया गेलेली वस्तू मला किती दिवस छळते हे तुला माहीत आहे. गाडी पोचेल तेव्हा मी फाटकाशी उभी असेन. किटलीविषयी बोलेन, पडदे खरंच नवे आहेत त्याविषयी बोलेन. तो तुझा राखाडी कोट घालूनच ये. काढायचा की नाही, ते मी विचारणार नाही.